रस्त्याची पडवी

माझ्या गाडीच्या डिकीत एक लाल त्रिकोण आहे. त्याचे तीन तुकडे झालेत, एका बाजूची चकाकणारी पट्टी पार सोलून निघाली आहे. नवा घेऊन दोन महिने झाले, तरी हा जुना टाकून देववत नाही.

पावसाळ्यातली सकाळ होती, सातला थोडा वेळ कमी. आठवड्यातले तीन दिवस मी शिकवायला पनवेलहून तळेगावला जाते, द्रुतगती मार्गाने. कामशेतचा बोगदा मागे टाकून दोनेक किलोमीटर गेले असेन, तेवढ्यात गाडी डावीकडे ओढायला लागली. मागचं डावं चाक बसलं होतं. इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे आले, कडेची सलग पांढरी रेघ ओलांडली आणि साईडपट्टीवर थांबले. चारही इंडिकेटर लावले. पुढचं सगळं अण्णांनी वीस वर्षांपूर्वी घोकून घेतलेलं, ते आपोआप हातून होत गेलं. उजवं दार उघडायचं नाही, शेजारच्या सीटवर सरकून डाव्या दाराने उतरायचं. त्रिकोण घेऊन कठड्याला धरून मागे चालत जायचं, शंभर पावलं मोजून तो ठेवायचा. परत गाडीत येऊन बसायचं नाही. कठडा ओलांडून पलीकडे उभं राहायचं, तेही गाडीच्या मागच्या अंगाला. म्हणजे कुणी गाडीला ठोकलंच तर ती ढकलली जाऊन आपल्या अंगावर येत नाही.

मदतीची गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. छत्री गाडीतच राहिली होती, पाऊस बारीक होता. काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी मोजत राहिले. चाळीस मिनिटांत सतरा वाहनं साईडपट्टीवरून आली. रस्ता तुंबलेला नव्हता. मधल्या लेनमधला ट्रेलर हळू चालतोय, उजवीकडच्या लेनमध्ये कुणी ऐंशीच्या वेगाने ठाण मांडून बसलंय, म्हणून ही मंडळी डावीकडून पुढे निघत होती. बहुतेकांना त्रिकोण लांबून दिसला आणि ती आत वळली. एक पांढरी मोठी गाडी मात्र ट्रेलरच्या आडून आली. तिला त्रिकोण दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला, त्रिकोण चाकाखाली गेला, फरफटत आला, आणि ती गाडी माझ्या गाडीच्या मागे जेमतेम दोन हातांवर थांबली.

त्या माणसाने हॉर्न वाजवला. माझ्या रिकाम्या गाडीवर, तीनदा. मग तो जरा मागे झाला, लेनमध्ये शिरला आणि निघून गेला. कठड्यापलीकडे गुडघाभर गवतात उभी असलेली मी त्याला दिसलेच नसेन. माझे पाय कापत होते.

अण्णांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "तू कुठे होतीस?"

"कठड्याच्या पलीकडे."

"मग झालं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बाय, लोक पडवीत गाडी घालायला लागले की काही खरं नाही."

हा पडवीचा शब्द आमच्या घरातला आहे, तो समजावून सांगते.

अण्णा एस.टी.त चालक होते, ३१ वर्षं. त्यातली बरीच वर्षं राजापूर–बोरिवली. मुंबई–गोवा महामार्ग तेव्हा १७ नंबरचा होता, आता त्याला ६६ म्हणतात. डांबर दोन गाड्यांपुरतं, सात मीटर, आणि दोन्ही बाजूंना मातीची साईडपट्टी. मला त्यांनी गाडी शिकवली ती याच रस्त्यावर, ओणीपासून राजापूरच्या उतारापर्यंत. पहिल्याच दिवशी स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी त्यांनी मला रस्त्याकडेला उभं केलं आणि म्हणाले, "हे डांबर म्हणजे घर. ही माती म्हणजे पडवी. वाटसरू पडवीत टेकतो, पाऊस आला की पडवीत शिरतो, आजारी माणसाला आधी पडवीत आणतात. पडवीत आपण खाट टाकून वाट अडवत नाही."

कोकणातल्या घरात वाढलेल्याला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. पडवी घराची असते, पण तिच्यावर हक्क येणाऱ्या-जाणाऱ्याचा असतो. साईडपट्टीही तशीच. शाळेतून घरी निघालेली पोरं, डोक्यावर भारा घेतलेली बाई, सायकलवरचा पाववाला, तापलेल्या इंजिनाचा टेम्पो, सगळे तिच्यावर. तिला आणखी एक काम असतं, ते मला नंतर कळलं: ती डांबराला धरून ठेवते. साईडपट्टी पावसाने वाहून गेली की डांबराची कड उघडी पडते, चाकं तिच्यावरून गेली की तुकडे तुटतात आणि रस्ता कडेकडून आत खात येतो. दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर चढायचा आणि साईडपट्टी मात्र कुणी भरायचं नाही. मग डांबर आणि माती यांच्यात वीतभर पायरी तयार व्हायची. आमच्या भागातल्या दुचाकीवाल्यांचे किती हातपाय या पायरीने मोडले असतील, त्याची मोजदाद नाही. समोरून ट्रक आला म्हणून दुचाकी जरा कडेला घ्यावी, पुढचं चाक खाली उतरावं, आणि वर चढवायला जावं तर चाक कडेला घासून माणूस रस्त्यावर आडवा.

साईडपट्टीवर चाक घालायचंच नाही, असं मात्र अण्णांनी कधी शिकवलं नाही. गावातले आतले रस्ते एकेरी, पावणेचार मीटरचे. तिथे समोरून गाडी आली की दोघांनीही डावी बाजू खाली घ्यायची, उजवी चाकं डांबरावर ठेवायची आणि एकमेकांना साईड द्यायची. हे न येणारा माणूस कोकणात गाडी चालवूच शकत नाही. अण्णांचा नियम एवढाच होता की खाली उतरायचं ते दुसऱ्याला वाट द्यायला. स्वतः पुढे घुसायला नाही.

त्या जुन्या दुपदरी रस्त्याला स्वतःची एक बोली होती. मागच्या गाडीला पुढे जाऊ द्यायचं असेल तर ट्रकवाला उजवा हात खिडकीबाहेर काढून मागून पुढे हलवायचा. ती खूण नियमांतही होती. वळणावर, चढाच्या माथ्यावर तो हात आतच राहायचा आणि मागच्याला ते समजायचं. रात्री डिपर दिला की समोरचा खाली करायचा. सगळे साधू नव्हते, अपघात तेव्हाही होत होते, आणि फार वाईट होत होते. पण दोन पदरांच्या रस्त्यावर तुमचं जगणं समोरच्याच्या हातात असतं हे प्रत्येकाला रोज दिसत होतं.

आता मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

२०२२ चे गणपती. पहाटे साडेचारला पनवेल सोडलं. मी चालवत होते, शेजारी नवरा, मागे अण्णा आणि माझी मुलगी, डिकीत मखराचं सामान. रायगडातला इंदापूर गाठेपर्यंत उजाडलं आणि तिथून पुढे माणगावच्या दिशेने गाड्या ठप्प. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं होतं. अकरा वर्षांनीही कुठे चौपदरी, कुठे दुपदरी, कुठे वळवलेला कच्चा रस्ता, असा सगळा प्रकार. चार पदरांतून आलेल्या गाड्या दोन पदरांत शिरतात तिथे काय होतं ते दर गणपतीला मुंबईचा चाकरमानी भोगतो.

अर्धा तास हललो नाही. मग एका गाडीने डावीकडे मातीत उतरून पुढे जायला सुरुवात केली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. मुलगी म्हणाली, आई, ते बघ जातायत. आणि मीही स्टिअरिंग डावीकडे वळवलं. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते मला नीट आठवतं. मला वाटलं, मी नाही गेले तर मीच मूर्ख.

मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले, "पडवीत शिरलीस." आवाज चढवून नव्हे. गावाचं नाव घ्यावं तसं.

दीडदोनशे मीटर गेलो असू. पुढची गाडी थांबली, कारण तिच्यापुढे मोरीचा कठडा होता आणि साईडपट्टी तिथे संपत होती. डाव्या रांगेतल्या सगळ्यांना परत डांबरावर घुसायचं होतं, डांबरावरचे कुणी आत घेत नव्हते. उजवीकडेही काही शहाणे समोरच्या लेनमध्ये घुसले होते, त्यामुळे समोरून येणाराही बंद. दोन पदरांच्या रस्त्यावर चार रांगा, आणि एकही हलत नाही.

मग मागून सायरन ऐकू आला.

१०८ ची रुग्णवाहिका होती. आरशात तिचा निळा दिवा दिसत होता, पण ती पुढे येत नव्हती. तिला यायला जी एकच जागा होती, तिच्यावर मी उभी होते. मी गाडी आत घ्यायचा प्रयत्न केला. डावं चाक ओल्या मातीत रुतलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं.

अण्णा तेव्हा ७४ वर्षांचे. दार उघडून ते खाली उतरले. चिखलातून मागे गेले, एकेका गाडीच्या बॉनेटवर थाप मारत चालकांना खुणा करत राहिले: तू अर्धा हात पुढे, तू उजवी चाकं दाब, तू थांब. एस.टी. स्टँडवर गाडी फलाटाला लावून घेतात तशा. लोकांनी ऐकलं. माझी गाडी चौघांनी मागून ढकलून वर काढली. पंचवीस मिनिटं गेली. रुग्णवाहिका शेजारून सरकली तेव्हा मागच्या काचेतून आत मला फक्त सलाईनची बाटली धरलेला एक हात दिसला. बाईचा होता, हिरव्या बांगड्या होत्या. आत कोण होतं, पुढे काय झालं, काही कळायला मार्ग नाही. पण ती पंचवीस मिनिटं कुणाची तरी होती आणि त्यातली काही मी खाल्ली.

महाडपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. सावित्रीच्या पुलावर अण्णांनी नेहमीसारखे हात जोडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना दगडी पूल पुरात गेला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्यातली एक राजापूर–बोरिवली होती. अण्णा तोवर निवृत्त झाले होते, पण मार्ग त्यांचाच. नवा पूल पुढच्या जूनमध्ये सुरूही झाला. इतक्या लवकर या महामार्गावर दुसरं काही झालेलं मी पाहिलं नाही.

त्या गणपतीनंतर मी कायदा वाचायला घेतला. मी काही वकील नाही, मला फक्त हे जाणून घ्यायचं होतं की मी नक्की काय केलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. वाहन कसं चालवावं याचे नियम आधी १९८९ चे होते, त्यांच्या जागी २०१७ साली नवे आले. त्यांत लेनबद्दल फार अवघड काही लिहिलेलं नाही. लेन आखलेली असेल तर आपल्या लेनमध्ये राहा, बदलायची असेल तर आधी इशारा द्या, सलग रेघ ओलांडू नका, पुढे जायचं ते उजवीकडून. डावीकडून जायची मुभा मोजक्या वेळी, जसं की पुढची गाडी उजवीकडे वळायचा इशारा देऊन थांबली असेल तेव्हा. नियम मोडला तर कलम १७७अ, दंड ५०० ते १००० रुपये.

मला तेवढंच लागू होतं असं वाटलं होतं. पण २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये कुठकुठल्या गोष्टी मोडतात ते स्पष्ट लिहिलं आहे. सिग्नल तोडणं, हातात मोबाइल, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं, आणि कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनाच्या पुढे जाणं. साईडपट्टीवरून डावीकडून पुढे काढणं हे यातच बसतं असं मी समजते. पहिल्या खेपेला १००० ते ५००० रुपये दंड, तुरुंगवासही होऊ शकतो. आणि १९४ई: रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी येताना रस्त्याच्या कडेला न होणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'कडेला व्हा' असं कायदा सांगतो. मी कडेलाच होते. कडा भरून टाकलेली होती म्हणून कुणाला कडेला होता येत नव्हतं.

दंडाच्या आकड्यांनी माझ्यात काही बदललं नाही, खरं सांगायचं तर. बदललं ते हिरव्या बांगड्यांच्या हाताने. पण कायदा वाचल्यामुळे एक झालं, द्रुतगती मार्गावर मी गाडी वेगळी चालवायला लागले.

तोवर मी स्वतःला फार जपून चालवणारी समजत होते. कळंबोलीला चढले की सरळ उजवी लेन पकडायची आणि ऐंशीवर तळेगावपर्यंत. ट्रकांच्या मध्ये नको, दुभाजकाला धरून आपलं बरं. मागून दिवे मारणारे मला उद्धट वाटायचे. उजवी लेन फक्त पुढे जाण्यासाठी आहे, पुढे जाऊन झालं की परत मधल्या लेनमध्ये यायचं, हे पाट्यांवर ठळक लिहिलेलं मी रोज वाचत होते आणि ते दुसऱ्यांसाठी आहे असं समजत होते. आता कठड्यापलीकडे उभं राहून मोजलेली ती सतरा वाहनं आठवली की साखळी लख्ख दिसते. उजवी लेन माझ्यासारखीने अडवली की पुढे जाऊ पाहणारा मधल्या लेनमध्ये येतो. मधल्या लेनमध्ये ट्रेलर असतो, कारण डावीकडे त्याच्याहून हळू चालणारा टँकर असतो. मग तो डावीकडे जातो, तिथे टँकर. आणि टँकरच्याही डावीकडे मोकळी दिसते ती साईडपट्टी. पांढऱ्या गाडीवाल्याची चूक त्याची आहे, मी ती कमी करत नाही. पण त्याला तिथवर ढकलत नेणाऱ्यांत इतकी वर्षं मीही होते.

बोरघाटात हे सगळं अजून दाट होतं. तिथे आडोशी बोगद्याजवळ द्रुतगती मार्गाचे सहा पदर आणि जुन्या महामार्गाचे चार पदर एकत्र येतात आणि खंडाळ्यापर्यंत सहा पदरांतच चढतात. खोपोली ते कुसगाव हा जवळपास १३ किलोमीटरचा नवा जोडरस्ता याच गळ्यासाठी आखला गेला. चढावर तीन अवजड गाड्या तिन्ही लेनमध्ये शेजारी शेजारी चालताना मी कितीदा पाहिल्या आहेत. एकाचा वेग वीस, दुसऱ्याचा बावीस, आणि बावीसवाल्याला वीसवाल्याच्या पुढे जायचंय. मागे दोन किलोमीटर रांग. आडोशी बोगद्याजवळ एखादी गाडी तापून साईडपट्टीवर थांबली की तिला काढायला क्रेन यायची तीही साईडपट्टीवरूनच, आणि ती भरलेली असते.

या मार्गावर २०१६ साली १५१ माणसं गेली. त्यानंतर साईडपट्टीवर उभ्या राहणाऱ्या गाड्या हटवणं, कठडे नीट करणं, गस्त वाढवणं असं बरंच काम झालं, आता वर कॅमेरेही आले आणि मृत्यूंचा आकडा खाली आला. म्हणजे हे होतं, करता येतं. मला याचा मनापासून आनंद आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

गावाकडच्या रस्त्याचं मात्र दुखणं निराळं आहे.

आमच्या घरासमोर मोजणीवाले आले, जमिनीत खुणेचे दगड पुरून गेले. सामायिक सातबारा, त्यावर बावीस नावं, अर्धी मुंबईत, दोघं परदेशात. मोबदल्याची वाटणी होईपर्यंत चुलत्यांत अबोला धरला गेला, तो अजून काही ठिकाणी सुटलेला नाही. पण पैशाचं मी बोलत नाही. रेघ घराच्या दर्शनी भागातून गेली होती. २०१७ च्या मार्चमध्ये आम्ही स्वतःच पडवी उतरवली. मशिनने पाडण्यापेक्षा आपल्या हाताने उतरवू, असं आईने ठरवलं. कौलं एकेक करून खाली घेतली, शिवणीचे चार खांब माजघरात आडवे ठेवले, जोत्याचे दगड मागच्या परसात रचले. रस्त्याकडेचा वड त्याच्या आदल्या महिन्यात गेला होता. त्या दिवशी अण्णा दिवसभर गावात नव्हते.

आता तिथे काँक्रीटचा चौपदरी रस्ता आहे. डांबराच्या रस्त्यासारखा मातीचा काठ नाही, दीड मीटरची पक्की साईडपट्टी आहे, मुख्य रस्त्याच्याच पातळीत, त्याच रंगाची. मधे फक्त एक पांढरी रेघ. आमची पडवी जिथे होती, जिथे आजोबा सुपारी कातरत बसायचे, ती जागा मी मोजून बघितली आहे. ती आज बरोबर त्या रेघेच्या डावीकडे येते.

रुंदीकरण वाईट झालं असं मी म्हणणार नाही. गावातून रत्नागिरीच्या इस्पितळात पोचायला आता पूर्वीपेक्षा निम्मा वेळ लागतो. वळणावर समोरून येणारा ट्रक अंगावर येत नाही. जुन्या रस्त्यावर गेलेली माणसं आठवली की दुभाजकाला मी हात जोडीन. पण हा रस्ता आखताना तो मुंबई ते गोवा असा आखला, ओणी ते ओणी असा कुणी बघितला नाही. आमचं शेत रस्त्याच्या पलीकडे आहे, अर्ध्या वाडीचं तसंच. दुभाजकातली फट दीड किलोमीटरवर. सेवा रस्ता नाही. मग दुधाची किटली लावलेला दुचाकीवाला तीन किलोमीटरचा वळसा घालण्याऐवजी साईडपट्टीवरून उलटा येतो. कायद्याने हाही कलम १८४ चाच गुन्हा, वाहतुकीच्या उलट दिशेने. आणि धोक्याचा खराच, कारण समोरून शंभराच्या वेगाने येणाऱ्याला साईडपट्टीवर पुढून दिवा येईल हे ध्यानीमनी नसतं. मी त्या पोरांना ओरडते. ते ऐकून घेतात, कारण मी अण्णांची मुलगी. दुसऱ्या दिवशी परत उलटे येतात, कारण दूध आठाच्या आत पोचलं नाही तर घेत नाहीत.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आहे. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. कुणाचा जीव जाण्याची वाट बघून लागू होणारं कलम. मला ते वाचून बरं वाटलं नाही.

अण्णा आता रोज पहाटे साडेपाचला पाय मोकळे करायला त्याच साईडपट्टीने जातात. गाड्यांकडे तोंड करून चालतात, पाठ करून नाही. समोरून येणारा दिसला पाहिजे म्हणून. मी त्यांना चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणून दिलं आहे आणि ते न कुरकुरता घालतात. पण आमच्या घरासमोरची पांढरी रेघ दोन पावसाळ्यांत पुसत आली आहे. रात्री रेघेच्या कडेला जे लाल ठोकळे चमकायला हवेत, त्यातले तीन उरलेत. रेघ नाही म्हटल्यावर साईडपट्टी म्हणजे तिसरी लेनच. ट्रक घरासमोर जेवायला थांबतात ते तिच्यावर, शाळेची गाडी पोरांना उतरवते ती तिच्यावर, आणि या दोघांच्या मधून कुणीतरी डावीकडून पुढे काढतो.

मागच्या रविवारी गावी गेले तेव्हा मोडलेला त्रिकोण अण्णांना दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला, तुकडे जुळतात का पाहिलं, परत दिला. मग म्हणाले, "कागद काढ. अर्ज लिहायचाय."

ओटीवर बसून त्यांनी सांगितला, मी लिहिला. मागण्या तीन. पहिली, गावाच्या दोन्ही टोकांपर्यंत कडेची रेघ पुन्हा मारावी आणि तिच्यावर चाक गेलं की खडखडेल अशी उंचवट्याची पट्टी टाकावी. दुसरी, वाडीपासून दुभाजकाच्या फटीपर्यंत सेवा रस्ता द्यावा, जमीन आधीच घेतलेली आहे. तिसरी, शाळेच्या गाडीसाठी साईडपट्टीच्या बाहेर थांब्याची जागा काढावी. मी 'शोल्डर' लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. साईडपट्टी लिही, म्हणाले, ज्याला वाचायचंय त्याला तोच शब्द कळतो. ग्रामसभेचा ठराव जोडायचा ठरलं. वाडीतल्या एकेचाळीस जणांच्या सह्या संध्याकाळपर्यंत झाल्या, त्यात उलटी दुचाकी घालणारे दोघंही आले.

अण्णांनी सगळ्यात शेवटी सही केली. नावाखाली 'सेवानिवृत्त चालक' लिहिलं, क्षणभर थांबले, आणि त्याच्याखाली आपला बिल्ला नंबर घातला.